दूध लेकीला द्यायचं की पैलवान लेकाला?

पत्र

बाई, नमस्कार. आमचं गाव बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात. घरी एक म्हैस आहे. दोन्ही वेळचं मिळून सहा-सात लिटर दूध होतं. लिटरभर घरात ठेवतो, बाकीचं डेअरीला घालतो. थोरली लेक महाराष्ट्रात चंदगडकडे दिली आहे. पहिलंच बाळंतपण. जावई कामाला बाहेरगावी, म्हणून पाचव्या महिन्यातच तिला माहेरी आणली. धाकटा मुलगा सोळा वर्षांचा, मराठी शाळेतून दहावी करून आता फर्स्ट पीयूला, म्हणजे अकरावी सायन्सला आहे. गावच्या तालमीत जातो. रात्री बारापर्यंत मोबाइल आणि पहाटे पाचला तालीम. आजवर घरातलं सगळं दूध तोच पीत होता. आता अर्धं अक्काला देते म्हटलं तर म्हणतो, वीतभर बाळाला दूध किती लागतंय? नाहीतर मला प्रोटीन पावडरचा डबा आण, तीन हजाराला मिळतो. दूध पचायला दिवस जातो, पावडर अर्ध्या तासात थेट मसलमध्ये जाते, हे सायन्स आहे. वस्ताद म्हणतात पावडर नको, दूध-बदाम-तूप पाहिजे. सासूबाई म्हणतात पैलवानाचं दूध तोडू नको. माझं शिक्षण सातवीपर्यंत. सायन्स म्हटलं की माझं तोंड बंद होतं. दूध कुणाला द्यायचं आणि पोराला काय सांगायचं, तेवढं कळवा.
— एक आई

उत्तर

ताई,

आधी दुधाचा निकाल सांगते. लिटरातलं अर्धं लेकीचं, अर्धं लेकाचं. लेकीच्या वाट्याला घरातल्या कुणी हात लावायचा नाही, पै-पाहुण्यांच्या चहासाठीसुद्धा नाही. डबा आणू नका. त्याऐवजी डेअरीला जाणाऱ्या दुधातलं आणखी अर्धा लिटर रोज घरात थांबवा. ते कसं परवडतं ते पुढे सांगते.

पण तुम्ही नुसता निकाल मागितलेला नाही. पोराला उत्तर देता आलं पाहिजे, असं तुमचं म्हणणं आहे, आणि ते मला फार पटलं. तेव्हा स्नायू कसा घडतो ते सविस्तर लिहिते. पत्र त्यालाही वाचायला द्या. त्याच्या बायॉलॉजीच्या पुस्तकात हालचाल आणि स्नायूंवर एक धडा आहे, त्यात आकृत्या सापडतील. दहावीपर्यंत मराठीत शिकून एकदम इंग्रजीत पडलेल्या मुलांना तो धडा जड जातो. वर्गात ते वर्षानुवर्षं पाहिलंय, म्हणूनही जरा लांबवर लिहिते आहे.

मुलगा म्हणतो पावडर थेट मसलमध्ये जाते. ताई, थेट काहीच जात नाही. दूध, डाळ, अंडं किंवा डब्यातली पावडर, काहीही खाल्लं तरी त्यातलं प्रथिन जठरात आणि आतड्यात पार सुटं होतं. उरतात त्याचे बारीक घटक, अमिनो आम्लं. ती वीस प्रकारची असतात, आणि त्यातली नऊ शरीराला स्वतः बनवता येत नाहीत, अन्नातूनच मिळवावी लागतात. रक्तात जातात ती ही सुटी आम्लं. बेळगावच्या वडगाव-शहापुरात तुम्ही माग चालताना पाहिले असतील. जुनी साडी कितीही भारी असली तरी ती आहे तशी मागावर चढत नाही. तिचा धागा न् धागा सुटा केला तरच त्यातून नवं काही विणता येईल, आणि नक्षी कुठली उमटणार हे धागा ठरवत नाही, मागाला लावलेली कार्डं ठरवतात. पेशीत ते काम जनुकं करतात. दुधातलं प्रथिन कुणाचाच स्नायू होत नाही. स्नायूची पेशी त्यातली आम्लं घेऊन स्वतःचं प्रथिन स्वतः बनवते, तेही तिला तशी गरज पडली तरच.

आता त्या वीतभर बाळाकडे येऊ. माप त्यानं बरोबर सांगितलं. पाच महिन्यांचं बाळ डोक्यापासून टाचेपर्यंत जेमतेम वीतभर, वजन तीनशे ग्रॅमच्या आसपास. पण एवढ्याशा अंगात जे काम चाललंय ते तुमच्या पैलवानाच्या अंगातही तेवढ्या झपाट्यानं चालत नाही.

गर्भ चार-पाच आठवड्यांचा असतो तेव्हा त्याच्या पाठीच्या दोन्ही अंगांना पेशींच्या गाठी जोडी-जोडीनं दिसू लागतात. त्यांना सोमाइट म्हणतात. तिथल्या काही पेशी हातापायांचे कोंब फुटतात तिकडे सरकतात. आधी त्या फक्त वाढतात, एकीच्या दोन, दोघींच्या चार. मग त्यांच्यात मायोडी, मायोजेनिन अशा नावांची प्रथिनं कामाला लागतात, जी स्नायूची जनुकं चालू करतात. यांची ताकद किती? १९८७ साली अमेरिकेत हॅरल्ड वाइनट्रॉब यांच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट डेव्हिस आणि अँड्र्यू लासर यांनी उंदराच्या साध्या पेशींमध्ये, ज्या कधी स्नायू झाल्या नसत्या अशा पेशींमध्ये, मायोडीचं एकच जनुक चालू केलं. त्या पेशी स्नायूच्या पेशी झाल्या. हा प्रयोग शिकवताना वर्गात दरवेळी शांतता व्हायची.

तर या पेशी वाढायच्या थांबतात, एकमेकींच्या शेजारी रांगेत लागतात आणि मधल्या भिंती जाऊन एकजीव होतात. अनेक पेशींची मिळून एक लांब नळी होते, तिच्यात अनेक केंद्रकं. हीच स्नायूच्या तंतूची सुरुवात. इथून पुढे त्या नळीचा मुख्य उद्योग एकच, प्रथिनं बनवायची.

ते कसं चालतं ते बघा. केंद्रकात जनुक असतं. त्याची एक प्रत निघते, तिला आरएनए म्हणतात. ती प्रत केंद्रकाबाहेर येते आणि तिच्यावर रायबोसोम नावाचे बारीक कण चढतात. रायबोसोम प्रत वाचत पुढे सरकतो आणि वाचेल तसं एकेक अमिनो आम्ल जोडत जातो, सेकंदाला साधारण पाच-सहा. १९६७ मध्ये कोंबडीच्या अंड्यातल्या, अजून बाहेर न आलेल्या पिल्लाच्या पायाचा स्नायू घेऊन शास्त्रज्ञांनी तपासला. मायोसिन या प्रथिनाच्या एकाच प्रतीवर पन्नास-साठ रायबोसोम एकामागोमाग चढलेले होते, आणि प्रत्येक जण आपापली साखळी बनवत होता. मायोसिनची एक मोठी साखळी एकोणीसशेहून जास्त आम्लांची. एका रायबोसोमला ती पुरी करायला पाच-सहा मिनिटं लागतात.

साखळी झाली म्हणजे मायोसिन झालं असं नाही. तिला नेमकी घडी पडावी लागते, आणि ती आपली आपण पडत नाही. यूएनसी-४५ आणि एचएसपी-९० नावाची मदतनीस प्रथिनं ती घडी पाडतात. घडी चुकली की पेशी ती साखळी मोडून टाकते. मग दोन मोठ्या साखळ्या आणि चार छोट्या मिळून मायोसिनचा एक रेणू, आणि असे तीनेकशे रेणू एकत्र येऊन एक जाड दोरा. त्याच्या शेजारी अ‍ॅक्टिनचे बारीक दोरे. जोर मारताना हे बारीक दोरे जाड दोऱ्यांच्या मधून सरकतात, स्नायू आखडतो. मुलाच्या पुस्तकात हीच आकृती आहे.

मला स्वतःला सगळ्यात नवल वाटतं ते टायटिनचं. माणसाच्या शरीरातलं हे सगळ्यात मोठं प्रथिन, चौतीस हजारांच्या आसपास आम्लांची एकच साखळी. रायबोसोमच्या वेगानं हिशोब केला तर एक टायटिन विणायला दीड-दोन तास लागतात. तेवढा वेळ तो रायबोसोम त्या एकाच साखळीवर असतो. आणि डिस्ट्रोफिन नावाचं एक प्रथिन आहे, जे आखडणाऱ्या दोऱ्यांना पेशीच्या कडेशी बांधून ठेवतं. त्याचं जनुक इतकं लांब आहे की त्याची नुसती प्रत काढायला सोळा तासांच्या आसपास लागतात. हे प्रथिन बनलंच नाही तर ड्युशेन नावाचा आजार होतो, ज्यात मुलांचे स्नायू झिजत जातात. मुलाला विचारा, ज्या पेशीला एका जनुकाची प्रत काढायला सोळा तास लागतात, तिथे अर्ध्या तासात मसल कसं तयार होणार?

ही प्रथिनं तयार झाली की जागच्या जागी बसतात कशी, हेही ऐका. सुरुवातीला पेशीच्या कडेनं तात्पुरत्या बारीक जुड्या होतात. त्यांच्यात अ‍ॅक्टिन असतं, पण मायोसिन स्नायूचं नसतं, शरीरातल्या कुठल्याही पेशीत असतं ते साधं असतं. अल्फा-अ‍ॅक्टिनिन नावाच्या प्रथिनाचे ठिपके जवळजवळ पडलेले असतात. मग टायटिन येतं, स्नायूचं खरं मायोसिन येतं, साधं मायोसिन निघून जातं. ठिपके एकमेकांत मिसळून सरळ रेषा होतात आणि रेषांमधलं अंतर वाढत वाढत दोन मायक्रोमीटरच्या, म्हणजे मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागांच्या पुढे जातं. आता सूक्ष्मदर्शकाखाली आडवे पट्टे दिसतात. दोन रेषांमधल्या भागाला सार्कोमिअर म्हणतात. काचेच्या बशीत वाढवलेल्या कोंबडीच्या स्नायूपेशींत हे पट्टे उमटले की त्या नळ्या आपोआप लचकायला लागतात. बशीत ना मज्जातंतू असतो ना कुणाचा हात लागलेला असतो, तरी मध्येच एखादी नळी आखडते, सैल पडते, पुन्हा आखडते.

लेकीला आता पोटात बाळ हालल्याचं कळायला लागलं असेल. पहिलटकरणीला साधारण अठरा ते वीस आठवड्यांत ते जाणवतं, खरं तर बाळ त्याच्या कितीतरी आधीपासून हालत असतं. ती ढुशी म्हणजे हे सगळं काम जमून आल्याची खूण. मामाला तिच्या पोटावर हात ठेवू द्या. सार्कोमिअर म्हणजे काय ते त्याला तिथेच कळेल.

आता मुद्द्याचं. माणसाच्या स्नायूत किती तंतू असणार, हे बहुतेक जन्माच्या आधीच ठरून जातं. जन्मानंतर तंतू जाड होतात, लांब होतात, पण त्यांची संख्या फारशी वाढत नाही. गाभण मेंढ्यांना गाभणपणाच्या पहिल्या अर्ध्यात चारा कमी दिला तर कोकरांच्या स्नायूत तंतू कमी भरतात, असं प्रयोगांत दिसलं आहे. तुमच्या पोराला आज दूध कमी पडलं तर पुढच्या महिन्यात भरून काढता येईल. पोटातल्या बाळाची तंतू घालायची वेळ निघून गेली की गेली. म्हणून लेकीच्या वाट्याला हात लावायचा नाही असं म्हणाले.

सासूबाईंना हे सांगताना मान ठेवून सांगा. पैलवानाची खुराक राखायची ही त्यांच्या काळापासूनची रीत आहे आणि त्यामागे माया आहे. फक्त घरात आणखी एक पैलवान घडतोय, त्याचीही खुराक राखायची आहे. नात झाली तरी तिलाही तेवढेच तंतू लागतात.

मुलाच्या अंगात आत्ता काय चाललंय? तंतू नवे होत नाहीत, पण असलेल्या तंतूंच्या आत अ‍ॅक्टिन-मायोसिनच्या नव्या जुड्या भरल्या जातात. १९६१ मध्ये अलेक्झांडर मॉरो यांना बेडकाच्या पायाच्या स्नायूत तंतूला चिकटून बसलेल्या लहान पेशी दिसल्या. त्यांना सॅटेलाइट पेशी म्हणतात. एरवी त्या निवांत असतात. जोर-बैठकांनी, लढतीनं तंतूवर ताण आला, कुठे इजा झाली, की त्या वाढतात आणि तंतूत मिसळून त्याला नवी केंद्रकं देतात. केंद्रकं वाढली की प्रती जास्त निघतात, प्रथिनं जास्त बनतात. म्हणजे गर्भात जे होतं तेच, थोड्या प्रमाणात. इजा झालेला तंतू पुन्हा घडताना त्यात काही दिवस गर्भातल्या प्रकारचं मायोसिनसुद्धा दिसतं, जे एरवी जन्मानंतर बंद होतं. मामा-भाच्याच्या अंगात तेव्हा अगदी एकच काम चालू असतं.

मुलाच्या बोलण्यात काही खरं आहे, ते मान्य करा, नाहीतर तो पुढचं ऐकणार नाही. व्हे पावडर पचायला हलकी असते, तिच्यातली आम्लं तासाभरात रक्तात दिसतात. दुधातलं केसिन नावाचं प्रथिन सावकाश पचतं. पण पावडर आहे तरी कशाची? दुधाचीच. चीज करताना दूध फाटून जे पाणी वेगळं होतं त्यातलं प्रथिन सुकवलं की व्हे पावडर. आणि घाई कुणाला आहे? व्यायामानंतर स्नायूत प्रथिन बनण्याचा वेग एक-दोन दिवस वाढलेला राहतो. सकाळच्या मेहनतीचं काम रात्रीच्या दुधावरही होतं. वाया जातो तो मोबाइलमध्ये जाणारा वेळ. त्याच्या वयाला आठ ते दहा तास झोप लागते. बारा ते पाच म्हणजे पाचच तास. तीन हजारांच्या डब्यापेक्षा रात्री साडेनऊला मोबाइल तुमच्या उशाखाली गेलेला त्याच्या अंगाला जास्त लागेल.

वस्ताद दुधाबद्दल बरोबर सांगतात. बदामाबद्दल थोडं वेगळं म्हणायचं आहे. दहा बदामांत जेमतेम अडीच ग्रॅम प्रथिन असतं, मूठभर शेंगदाण्यांत सात-आठ ग्रॅम. बदाम जमतील तर द्या, नाही जमले तर त्यासाठी जीव टाकू नका. तुपात प्रथिन नसतंच, पण मेहनत करणाऱ्याला ताकद लागते, चमचा-दोन चमचे असू दे. ताकदीचं अन्न कमी पडलं तर शरीर प्रथिनंच जाळून टाकतं, म्हणून पोरानं मोबाइलवर बघून भात-भाकरी सोडली असेल तर पुन्हा सुरू करा.

हिशोब असा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२० मध्ये सांगितलेलं प्रमाण सोळा ते अठरा वर्षांच्या मुलाला दिवसाला ५५ ग्रॅम प्रथिन. तालमीतला साठ किलोचा मुलगा धरला तर ७० ते ९० ग्रॅम पुष्कळ झालं. अर्धा लिटर म्हशीच्या दुधात १८ ते २० ग्रॅम, ज्वारीच्या तीन भाकऱ्यांत तेवढंच, वाटीभर घट्ट मसुराच्या किंवा मटकीच्या उसळीत १२, दोन मुठी शेंगदाण्यांत १५, अंडी चालत असतील तर दोन अंड्यांत १२, वर भात. झालं की! यातलं डब्यात काय आहे जे तुमच्या घरात नाही? ज्वारीत लायसिन हे आम्ल कमी असतं, डाळी-कडधान्यांत ते भरपूर असतं. भाकरीबरोबर झुणका किंवा उसळ घेतली की दोन्हींतली उणीव भरून निघते. आपल्याकडे भातानंतर शिवारात मसूर पेरतात, घरचा असेल तर फारच उत्तम.

आणि ताई, या हिशोबात तुम्ही स्वतःला कुठेच धरलेलं नाही. चाळिशीनंतर स्नायू हळूहळू उतरतात, बाईचे जरा लवकरच जाणवतात. त्या उसळीतली एक वाटी तुमचीही.

पैशाचं बघू. रोज अर्धा लिटर जादा थांबवलं तर महिन्याला पंधरा लिटर. तुमच्या डेअरीच्या स्लिपवर जो दर असेल त्यानं गुणून बघा. तीन हजारांच्या कितीतरी खाली येईल. उरलेल्यात शेंगदाणे, अंडी, लेकीसाठी फळं.

लेकीचं थोडं वेगळं बोलते. तिला आत्ता रोजच्यापेक्षा नऊ-दहा ग्रॅम प्रथिन जास्त लागतं, आणि सातव्या महिन्यापासून बावीस ग्रॅम जास्त. म्हणजे एकूण आत्ता ५५ च्या आसपास, पुढे ६८. दूध, उसळ, अंडं यांत ते बसतं. तिच्यासाठीही कुणी पावडरचा डबा आणायला सांगेल, तर नको म्हणा. गरोदरपणात प्रथिनांचा जादा मारा करू नये असंच जागतिक आरोग्य संघटना सांगते. नुसतं प्रथिन मोजूनही भागत नाही. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरोदर बायकांचा मोठा अभ्यास केला. तिथली बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनानं कमी होती, आणि नीट मोजल्यावर दिसलं की चरबी बऱ्यापैकी राखलेली, उणी पडली ती मांसलता. त्याच अभ्यासात २००१ साली असंही आढळलं की ज्या आयांच्या खाण्यात हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त वेळा होतं, त्यांची बाळं जन्मताना मोठी होती. तेव्हा मेथी, शेपू, राजगिरा, शेवग्याचा पाला, जे परड्यात असेल ते रोज. आणि तिला शेवटच्या पंगतीला बसवू नका. लेक असली तरी आपल्या घरांत ती शेवटी जेवते, आणि तोवर उसळीच्या भांड्यात पाणीच उरलेलं असतं.

तिची नोंद चंदगडला झाली असेल. आता बाळंतपण इथे होणार, तर आशाताईंना गाठून इथल्या आरोग्य केंद्रात आणि अंगणवाडीत काय करावं लागेल ते विचारा, तिकडचं कार्ड बरोबर न्या. कर्नाटकात २०१७ पासून मातृपूर्ण योजनेत अंगणवाडीत गरोदर बाईला शिजलेलं जेवण, दूध, अंडं आणि शेंगदाण्याची चिक्की मिळते. त्यात लाजण्यासारखं काही नाही. लोहाची गोळी दुधाबरोबर किंवा चहाबरोबर देऊ नका, दुधातलं कॅल्शियम लोह नीट शोषू देत नाही. दोन्हींमध्ये दोन तास जाऊ द्या. हिमोग्लोबिन तपासलं नसेल तर या आठवड्यातच तपासून घ्या, आणि पाचव्या महिन्यातली सोनोग्राफी राहिली असेल तर तीही.

शेवटची गोष्ट तुमच्या पत्रात नाही, पण मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. सगळ्या पावडरी वाईट असं मी म्हणत नाही. मोठा झाल्यावर, स्वतः कमावून, पक्क्या बिलाचा आणि एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेचा नंबर असलेला डबा त्यानं घेतला तर घेऊ दे. आज त्याच्या वयात धोका आहे तो बिनबिलाच्या डब्यांचा आणि त्याच ओळखीतून पुढे येणाऱ्या सुयांचा. "दोन महिन्यांत अंग भरतं" म्हणून पोरांना स्टेरॉइडच्या गोळ्या आणि इंजेक्शनं दिली जातात. त्यांनी स्नायूत प्रथिनं भराभर बनतात हे खरं, पण सोळाव्या वर्षी हाडांची टोकं वेळेआधी जुळून उंची थांबते, वृषणांचं काम मंदावतं, यकृतावर आणि हृदयावर ताण येतो. हे डबे त्याला कोण दाखवतं ते शांतपणे विचारा. वस्तादांना घरी चहाला बोलवा आणि त्यांच्या कानावर घाला, त्यांचा शब्द तो मोडणार नाही. अचानक चेहऱ्यावर-पाठीवर पुटकुळ्या, विनाकारण चिडचिड, छातीला सूज किंवा दंडावर, कुल्ल्यावर सुईच्या खुणा दिसल्या तर रागावण्यात वेळ घालवू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या, आणि काय घेतलं ते डॉक्टरांना त्याच्या तोंडून सांगू द्या. तुम्ही बाहेर थांबलात तर तो जास्त मोकळेपणानं बोलेल.